वेदना, संवेदना की आणखी काही?

मीरा :
एका अनुवादात अडकले आहे. जुनाट पाठदुखी असलेल्या लोकांचा एक छोटा गट आहे, त्यांच्यासाठी सरावाच्या सूचना मराठीत करायच्या आहेत. आडवं व्हायचं, डोळे मिटायचे आणि डाव्या पायाच्या बोटांपासून टाळूपर्यंत लक्ष सावकाश फिरवायचं. जिथे जे होत असेल ते बदलायला जायचं नाही, नुसतं जाणायचं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात माइंडफुलनेसचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यातला हा 'बॉडी स्कॅन'.

मूळ मजकुरात 'सेन्सेशन' ओळीओळीला येतं. मी 'संवेदना' लिहिलं. गटातल्या एक काकू वाचून म्हणाल्या, "शोकसंवेदना व्यक्त करतात त्याच ना? माझ्या अंगठ्यात कुठून येतील?" दुसरे एक गृहस्थ इगतपुरीला विपश्यनेचं शिबिर करून आलेले. त्यांचा आग्रह 'वेदना'चा, कारण पालीतला मूळ शब्द तोच. पण ज्याची कंबर रात्रंदिवस दुखते त्याला 'वेदना पाहा' म्हटलं, की तो अंगठा सोडून थेट कमरेवर जाणार.

शिवाय शीर्षकही हवं आहे. मन आणि शरीर जोडण्याबद्दलचं. 'मन-शरीर एकात्मता' हे सरकारी फलकासारखं वाटतं. सुचवा.

धम्ममित्र :
त्या गृहस्थांचं बरोबर आहे. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या एका उपदेशात, काया, वेदना, चित्त आणि धम्म अशा चार ठिकाणी सती, म्हणजे जागं लक्ष, लावायला सांगितली आहे. वेदना तीन प्रकारची: सुखा, दुक्खा आणि अदुक्खमसुखा, म्हणजे ना दुःखाची ना सुखाची. म्हणजे दुखणं हा तिचा फक्त एक प्रकार झाला. पुढे 'फस्सपच्चया वेदना, वेदनापच्चया तण्हा', स्पर्शामुळे वेदना आणि वेदनेमुळे तृष्णा. सगळी साधना या वेदना आणि तृष्णेच्या मधल्या जागेत आहे. तिथे दुसरा शब्द बसवलात तर साखळीच तुटेल. पहिल्या पानावर दोन ओळींत अर्थ सांगा आणि 'वेदना'च ठेवा.

ओवी :
पण विपश्यना शिकवणारे गोयंका गुरुजी स्वतः हिंदी प्रवचनांत 'संवेदना' म्हणायचे ना? १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात येऊन शिबिरं घ्यायला लागले, तेव्हा समोरच्या माणसाला 'वेदना'चा कोणता अर्थ लागेल हे त्यांनी ओळखलंच असणार.

शब्दाबद्दल थोडं. वेदना विद् धातूपासून, जाणणे. वेद, विद्या, निवेदन हे सगळे एका घरातले. 'वेदना'ला जाणीव आणि पीडा हे दोन्ही अर्थ संस्कृतातच होते, मराठीने त्यातला दुसरा धरला. आणि नुसता धरला नाही. बाळंतिणीच्या 'वेणा' हा त्याच 'वेदना'चा प्राकृतातून झिजत आलेला अवतार. म्हणजे मराठीत हा शब्द दोन वाटांनी आला आणि दोन्हीकडे दुखणंच घेऊन आला. दोन ओळींच्या खुलाशाने ते पुसलं जाईल असं मला वाटत नाही.

आणि एकटी वेदना कशाला, बौद्ध विचारात माणूस ज्यांचा बनलेला मानतात ते पाचही स्कंध आजच्या मराठीत वाचून पाहा. रूप म्हणजे सौंदर्य, वेदना म्हणजे दुखणं, संज्ञा म्हणजे पारिभाषिक शब्द, संस्कार म्हणजे मुलांना लावायचं वळण, विज्ञान म्हणजे सायन्स. पाचपैकी एकाही शब्दाचा पहिला अर्थ आज तो उरलेला नाही. योगसूत्रांतल्या धारणेचंही तेच. तिथे चित्त एका जागी बांधणं, इथे 'माझी अशी धारणा आहे'. आत पाहण्याचे इतके शब्द आपण बाहेरच्या कामाला लावून टाकले, याचं मला खरंच वाईट वाटतं.

धम्ममित्र :
वाईट वाटतं तर परत घ्या की! शब्द वापरल्याशिवाय परत कसा मिळणार?

फिजिओ_कोल्हापूर :
मी रोज अशाच पेशंटमध्ये असते. त्यांच्या तोंडी ना वेदना असते ना संवेदना. ते काय म्हणतात सांगते. मुंग्या आल्यात. झिणझिण्या येतात. चमक भरली. सणक जाते. ठणका लागलाय. रग लागली. उसण भरली. कळ येते. पोटऱ्यात गोळे येतात. अंग आंबलंय. अंग मोडून आलंय. ठसठसतं, चुरचुरतं, चरचरतं, हुळहुळतं. यातला प्रत्येक शब्द मला वेगळं काही सांगतो. 'मुंग्या' म्हटलं की मी आधी नस दबली आहे का ते बघते. 'रग' म्हटलं की स्नायूंवर ताण. 'ठसठस' म्हटलं की सूज आणि आतली धडधड.

मीरा, तुमच्या मूळ मजकुरात एकच नाम आहे म्हणून मराठीतही एकच नाम हवं, असं का? 'अंगठ्यात काय जाणवतंय?' एवढं विचारा. 'जाणवणं' हे क्रियापद कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

अजून एक. या शब्दांत माणूस कर्ता नाही. मुंग्या येतात, चमक भरते, कळ उठते, रग लागते. आली ती जाणारही. 'मी दुखणाईत आहे' आणि 'कळ आली' यात फरक आहे, आणि बॉडी स्कॅनमध्ये शिकवायचं असतं ते दुसरं.

तिठा :
फिजिओताई, तुमची शेवटची ओळ वहीत उतरवून घेतली.

धम्ममित्र :
क्रियापद बोलायला चांगलं. पण 'वेदना उत्पन्न होते, वेदना नष्ट होते' हे नामाशिवाय कसं सांगणार? ज्याच्यावर नजर ठेवायची त्याला नाव लागतं.

अभ्यासक :
इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत, आणि मीराताईंची खरी अडचण तिथेच आहे. खाज, ऊब, जडपणा ही शरीरावर घडणारी गोष्ट. त्या खाजेचं नकोसेपण, त्या उबेचं हवंहवंसं वाटणं, ही वेदना. पाली परंपरेचे बरेच अभ्यासक आज वेदनेचा अर्थ असाच लावतात: अनुभवाला लागलेली हवीशी, नकोशी किंवा धड ना ही धड ना ती अशी छटा. शरीराला जे स्पर्शून कळतं त्यासाठी पालीत 'फोट्ठब्ब' हा निराळा शब्द आहे. मन एखाद्या विचाराला भिडलं तरी वेदना होतेच, तिथे खाज नसते.

तेव्हा 'सेन्सेशन' म्हणजे 'वेदना' हे समीकरणच मला मान्य नाही. सूचनेत आधी विचारावं 'काय जाणवतंय', आणि मग 'ते हवंसं आहे, नकोसं आहे, की काहीच वाटत नाही'. हे तिसरं घर सगळ्यात मोठं असतं. शरीराचा बहुतेक भाग बहुतेक वेळ त्यातच असतो आणि आपण तिकडे फिरकतही नाही.

धम्ममित्र :
गोयंका गुरुजींचे गुरू सयाजी उ बा खिन यांच्या परंपरेत शरीरावरच्या संवेदनेलाच वेदना धरून काम होतं, आणि त्याला सुत्ताचा आधार आहे. तुम्ही म्हणता तो एक अर्थ. एकमेव नव्हे.

आजोळ :
तुमचं पाली मला येत नाही, पण डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवायची सवय आपल्या घरांत नवी नाही. आमची आजी तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणून घ्यायची. 'शिरो मे राघवः पातु भालं दशरथात्मजः', मग डोळे, कान, नाक, तोंड, जीभ, कंठ, खांदे, करत करत 'जानुनी सेतुकृत्पातु जङ्घे दशमुखान्तकः, पादौ बिभीषणश्रीदः'. म्हणताना ती आमचा हात त्या त्या अवयवावर ठेवायची. गुडघ्यावर हात ठेवून 'जानुनी' म्हटलं की गुडघा आहे हे कळायचं. पूजेत मंत्र म्हणत अवयवांना स्पर्श करतात, त्या न्यासाचं तेच. अंगुष्ठाभ्यां नमः म्हणताना अंगठा शिवायचा असतो. मीरा, तुझ्या काकूंना रामरक्षा पाठ असेल तर त्या क्रमानेच घे ना.

अभ्यासक :
न्यासाचा दुवा खरा आहे. बिहार स्कूल ऑफ योगाच्या सत्यानंद सरस्वतींनी योगनिद्रेतलं, म्हणजे आडवं पडून करायच्या विश्रांतीच्या सरावातलं, अवयवांवरून लक्ष फिरवणं न्यासावरूनच बांधलं.

धम्ममित्र :
नम्रपणे विरोध नोंदवतो. रामरक्षा हे कवच आहे. तिथे 'पातु' आहे, राख, सांभाळ. मागणं आहे. विपश्यनेत काहीही मागायचं नसतं, गुडघ्याला राखायचं नसतं, तो जसा आहे तसा पाहायचा असतो. 'आपल्याकडे हे होतंच' असं म्हणत बुद्धाचं सगळं गिळून टाकायची जुनी खोड आहे. आम्ही ज्या घरांत वाढलो तिथे संध्याकाळी त्रिशरण व्हायचं, रामरक्षा नव्हे. मीराताईंच्या गटात तशी माणसं असतील तर त्यांनी काय करायचं?

आजोळ :
गिळायचा हेतू नव्हता, दादा. ज्याला जे पाठ आहे त्याने तिथून सुरुवात करावी, एवढंच म्हणत होते. त्रिशरणवाल्यांनी त्रिशरणापासून करावी.

धम्ममित्र :
हेतूवर शंका नाही, ताई. क्रम घ्या, पण दोन्ही गोष्टी एकच आहेत असं म्हणू नका.

पाणकळा :
मला वेगळाच प्रश्न पडलाय. मराठीत 'देहभान' हा किती नेमका शब्द आहे! पण तो येतो कुठे? देहभान हरपलं, देहभान विसरून नाचले. आपल्या कीर्तनात आणि वारीत देहभान जाणं ही मोठी गोष्ट. इथे उलट ते राखायचं आहे. 'देहभान ठेवा' म्हटलं तर वारकरी माणसाला ते खालच्या पायरीवर उतरा असं ऐकू येईल का?

ओवी :
नाही येणार. 'भानावर ये', 'भान ठेवून बोल' हेही रोजचंच आहे. भान म्हणजे प्रकाशणं, दिसणं. मला तर 'माइंडफुलनेस'लाही 'भान'च हवं. 'सजगता' हिंदीतून आलेली, आपल्या बायाबापड्यांच्या तोंडी कधी नव्हती. 'जागरूकता' ग्राहकाची नि मतदाराची.

तिठा :
'अवधान' का नाही? ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवातच 'तरी अवधान एकवेळ दीजे, मग सर्वसुखासि पात्र होइजे'. आणि 'सावधान' म्हणजे स-अवधान. लग्नात भटजी तेच सांगत असतात. रामदासांच्या आख्यायिकेत तो मुलगा 'सावधान' ऐकून मांडवातून पळाला, कारण एकट्या त्यानेच तो शब्द त्याच्या अर्थाने ऐकला. मूळ पाली शब्द 'सती', म्हणजे स्मृती. त्याचं 'माइंडफुलनेस' ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये केलं. मराठी बौद्ध लोक आजही अष्टांगिक मार्गात 'सम्यक स्मृती' म्हणतात.

आणि आता माझी लाडकी व्युत्पत्ती. सती, प्राकृतात सइ, आणि मराठीत सय. माहेरची सय येते ती. जे समोर आहे त्याची सय ठेवणं म्हणजे सती, असं मला नेहमी वाटत आलंय.

ओवी :
व्युत्पत्ती पटते, वापर पटत नाही. सय येते ती दूर असलेल्याची. स्वतःच्या पायाची सय कशी येईल?

पाणकळा :
सकाळपासून रात्रीपर्यंत पायाकडे लक्षच गेलेलं नसतं, तो पाय दूरच आहे. मला 'पायाची सय' फार आवडलं.

लीड्सकर :
इथे ब्रिटनमध्ये मी नर्स आहे. इथल्या मराठी म्हाताऱ्या माणसांशी बोलताना मी सरळ 'माइंडफुलनेस' म्हणते. टेबल, पेशंट, ऑपरेशन चालतं तर हेही चालावं. शुद्ध शब्द शोधण्यात महिने जातील आणि पाठी दुखतच राहतील.

ओवी :
टेबल ही वस्तू आहे, दाखवता येते. जे डोळे मिटून स्वतःत शोधायचं त्याला परका शब्द दिला, तर माणूस ते दुसऱ्या कोणाचं समजतो. इथे मी मागे हटणार नाही.

फिजिओ_कोल्हापूर :
शब्द कोणताही घ्या, एक सांभाळा. सगळ्यांनाच आत पाहणं सोसत नाही. ज्यांच्यावर मोठा आघात झालाय, त्यांना डोळे मिटून छातीकडे लक्ष द्यायला लावलं तर धडधड वाढू शकते. त्यांना डोळे उघडे ठेवू द्या, तळव्याखालची जमीन जाणवू द्या, आणि थांबायची मुभा आहे हे आधीच लिहा. ते वाक्य शब्दापेक्षा महत्त्वाचं.

आणि शीर्षकाबद्दल कोणीच बोललं नाही. माझे पेशंट मन आणि शरीर वेगळं बोलतच नाहीत. पोटात कालवतं, छातीत धस्स होतं, जीव कासावीस होतो, जीव भांड्यात पडतो. हा 'जीव' मनात आहे की शरीरात? जोडायची भाषा आपल्याला नकोच, कारण तोडायची भाषा आपल्या बोलण्यात आत्ता आत्ता आली.

मीरा :
किती मिळालं! 'सावकाश, थांबायची मुभा आहे' हे पहिलं वाक्य करते आहे. 'संवेदना' काढली. सध्या लिहिलंय: "लक्ष डाव्या अंगठ्याकडे न्या. तिथे काय होतंय? ऊब, गारवा, मुंग्या, दाब, की काहीच नाही? काहीच नसेल तर तेही जाणा."

अभ्यासक :
'काही नाही' घातलंत ते उत्तम. पण 'काय होतंय' नको. दवाखान्यात डॉक्टर तेच विचारतात. लोक लगेच तक्रार सांगायला लागतील. 'काय जाणवतंय' करा.

धम्ममित्र :
तळटीपेत तरी 'वेदना' येऊ द्या. ज्याला पुढे सुत्त वाचायचं असेल त्याला वाट सापडेल.

मीरा :
'जाणवतंय' केलं. तळटीप देते. शीर्षकाला 'जीव' घेऊन काही जमतंय का पाहते. 'जीव ठिकाणावर' कसं वाटतं?

पाणकळा :
'जीव थाऱ्यावर' जास्त बरं. ठिकाणावर डोकं असतं.

आजोळ :
फिजिओताई, मघाच्या यादीत तुम्ही चमक आणि उसण वेगळी धरलीत. आमच्याकडे पाठीत भरते ती उसण आणि मानेत भरते ती लचक, चमक कुठेही.

फिजिओ_कोल्हापूर :
आमच्याकडे लचक पाय मुरगळल्यावर. मानेत कधी ऐकली नाही.

तिठा :
लचकणं म्हणजे वाकणं, मग मानेत का नाही भरणार? उसण कशावरून आली ते आधी सांगा कोणीतरी.