ग्वांतानामोचं भिजत घोंगडं: लष्करी कोर्ट खरंच 'कडक' असतं का?

ओसरीवरचा:

11 जुलै 2025 ला वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं 2 विरुद्ध 1 मतांनी खालिद शेख मोहम्मदचा सौदा मोडीत काढला. सौदा काय, तर 9/11 चा हा मुख्य आरोपी आणि त्याच्यासोबतचे दोघं गुन्हा कबूल करणार, फाशी टळून जन्मठेप होणार आणि मेलेल्यांचे नातेवाईक जे प्रश्न विचारतील त्यांची उत्तरं देणार. 31 जुलै 2024 ला जाहीर झाला, दोन दिवसांत संरक्षणमंत्री ऑस्टिननी रद्द केला, लष्करी न्यायाधीश म्हणाले आता रद्द करता येणार नाही, वरचं कोर्ट म्हणालं येतं. बसा आता परत सुरुवातीपासून. माणूस पकडलाय 2003 मध्ये रावळपिंडीत आणि खऱ्या अर्थानं खटला, म्हणजे साक्षीपुरावे वगैरे, अजून सुरूच झालेला नाहीये!

मी हे सगळं बरीच वर्षं फॉलो करतोय आणि माझं स्पष्ट मत आहे की ग्वांतानामोची (क्यूबातल्या अमेरिकी नौदल तळावरच्या तुरुंगाची) लष्करी कमिशनं, म्हणजे लष्कराची खास कोर्टं, 'झटपट आणि कडक न्याय' म्हणून लोकांच्या गळी उतरवली गेली पण त्यांचा खरा उपयोग एकच, सीआयएच्या गुप्त तुरुंगांत जे केलं ते बाहेर येऊ द्यायचं नाही. खालिदला 183 वेळा वॉटरबोर्डिंग केलं, म्हणजे तोंडावर पाणी ओतून गुदमरवलं, हे आता उघड आहे. अशा माणसाला नेहमीच्या कोर्टात उभं केलं तर पहिला प्रश्न हाच येणार ना.

तिथली कोर्टरूम कशी आहे बघा. प्रेक्षक जाड काचेच्या मागे बसतात, आतला आवाज त्यांना 40 सेकंद उशिरा ऐकू येतो, गुप्त काही निघालं की बटण दाबायचं, लाल दिवा लागतो आणि आवाज बंद. जानेवारी 2013 मध्ये वकील गुप्त तुरुंगांबद्दल बोलत होता आणि आवाज एकदम गेला. बटण दाबणाऱ्या अधिकाऱ्यानं दाबलंच नव्हतं, न्यायाधीशानंही सांगितलं नव्हतं. बाहेरून कोणीतरी परस्पर बंद केला, आणि न्यायाधीशालाच माहीत नाही की आपल्या कोर्टाचं बटण आणखी कोणाकडे आहे!! याला कोर्ट म्हणायचं?

तोफखाना_निवृत्त:

धागालेखकांनी दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे. पकडून ठेवणं वेगळं आणि खटला चालवणं वेगळं. युद्धात शत्रूचा सैनिक हाती लागला की त्याला युद्ध संपेपर्यंत अडकवून ठेवायचा अधिकार कुठल्याही सैन्याला असतो, त्याला शिक्षा म्हणत नाहीत, तो परत जाऊन आपल्यावर बंदूक चालवू नये एवढाच हेतू. त्यासाठी खटला लागत नाही, वकील लागत नाही. अमेरिकेच्या संसदेनं सप्टेंबर 2001 मध्ये बळ वापरायची परवानगी दिली आणि 2004 मध्ये हमदी नावाच्या अमेरिकन नागरिकाच्या केसमध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं मान्य केलं की त्या परवानगीत पकडून ठेवणं येतंच.

आणि पुराव्याचं म्हणाल तर डोंगरात रात्री धाड घालणाऱ्या जवानानं पंचनामा करायचा का? दोन पंच आणायचे, पिशवीला सील लावायचं, सह्या घ्यायच्या? तिथं जीव वाचवून बाहेर पडायची मारामार असते. दिवाणखान्यात बसून हे बोलायला सोपं आहे.

शेंगदाणा_कूट:

काकांना +१००. एवढा वकिलांवर खर्च कशाला करतात तेच कळत नाही. सरळ भिंतीला उभं करा नि विषय संपवा राव.

कायदेवाली:

शेंगदाणा कूट, तुमच्यासारखंच 1942 मध्ये केलं होतं त्यांनी. आठ जर्मन घातपाती पाणबुडीतून लाँग आयलंड आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरले, त्यातल्या एकानं स्वतः एफबीआयकडे जाऊन सगळं सांगितलं, म्हणून बाकीचे सापडले. रूझवेल्टनी गुप्त लष्करी कमिशन बसवलं, सुप्रीम कोर्टानं घाईघाईत 'चालेल' म्हटलं आणि 8 ऑगस्टला सहा जणांना मारलं. कोर्टाचा सविस्तर निकाल आला ऑक्टोबरमध्ये. म्हणजे माणसं गेली आणि कारणं मागून लिहिली, वरातीमागून घोडं. आणि याच निकालाचा आधार घेऊन 2001 मध्ये बुशनी कमिशनं उभी केली.

काका, हमदीचा निकाल तुम्ही अर्धाच सांगितलात. पकडून ठेवता येतं म्हणाले हे बरोबर पण त्याच निकालात असंही आहे की त्या माणसाला निःपक्षपाती अधिकाऱ्यासमोर 'मी तो नव्हेच' म्हणायची संधी द्यावीच लागेल, आणि युद्ध चालू आहे म्हणजे राष्ट्राध्यक्षाला कोरा चेक मिळाला असं नाही. पुढे काय झालं तेही बघा, ज्याला तीन वर्षं इतका धोकादायक म्हणत होते त्या हमदीवर काही खटला न भरता काही महिन्यांत सौदीला पाठवून दिला, अमेरिकन नागरिकत्व सोड ही एक मुख्य अट घालून.

नंतर 2006 मध्ये हमदान केस, बुशची कमिशनं बेकायदा ठरली कारण संसदेची परवानगी नव्हती आणि जिनिव्हा करारांचा भंग होत होता. मग संसदेनं कायदा करून ती परत आणली, 2008 मध्ये बुमेदिएन केसमध्ये कोर्ट 5 विरुद्ध 4 नं म्हणालं की ग्वांतानामोतल्या कैद्यालाही हेबियस कॉर्पस, म्हणजे आपली कैद कायदेशीर आहे का हे कोर्टानं तपासावं अशी मागणी, करता येते. क्यूबाची जमीन आहे, आमची नाही, हा सरकारचा युक्तिवाद चालला नाही. आणि हा बुमेदिएन काही रणांगणात सापडला नव्हता हो, बोस्नियात अटक झाली होती त्याची. नंतर खालच्या कोर्टानं पुरावा तपासला आणि सोडायला सांगितलं. तोवर सात वर्षं गेली होती. डोंगरातली धाड आणि पंचनामा याचा इथं काय संबंध?

एडिसनकर:

इथे न्यू जर्सीत राहून थोडी वेगळी बाजू मांडतो. नोव्हेंबर 2009 मध्ये ओबामाच्या ॲटर्नी जनरलनी, होल्डरनी, जाहीर केलं होतं की खालिदचा खटला मॅनहॅटनच्या नेहमीच्या फेडरल कोर्टात, ग्राउंड झिरोपासून चालत जाण्याच्या अंतरावर चालवू. आधी सगळे वा वा म्हणाले, मग पोलिसांनी वर्षाला 20 कोटी डॉलरच्या वर बंदोबस्ताचा खर्च सांगितला, दुकानदार घाबरले, मेयर फिरले, आणि संसदेनं कायदाच केला की ग्वांतानामोचा कैदी अमेरिकेच्या जमिनीवर आणायला पैसे वापरायचे नाहीत. एप्रिल 2011 मध्ये होल्डरनी माघार घेतली. तेव्हा 'छळ लपवायला लष्करी कोर्ट' हे तेवढं सरळ नाहीये, दोन्ही पक्षांच्या खासदारांना आपल्या मतदारसंघात हे लोक नको होते, बस्स.

आणि त्या सौद्याबद्दल, 9/11 मध्ये घरचं माणूस गेलेल्यांमध्येही एकमत नाही. काहींना फाशीच हवी, काही म्हणतात आम्ही म्हातारे झालो, आमच्या हयातीत काहीतरी निकाल लागू दे, निदान तो उभा राहून 'हो मी केलं' म्हणू दे. बाहेरच्यांनी त्यांच्या वतीनं बोलताना जरा जपून.

तोफखाना_निवृत्त:

नेहमीच्या कोर्टाचं एवढं कौतुक चाललंय तर घैलानीचं काय ते सांगा. नैरोबी आणि दारेस्सलामच्या अमेरिकी वकिलातींत 1998 मध्ये बॉम्बस्फोट, 224 माणसं मेली. ग्वांतानामोतून याच एकाला न्यूयॉर्कच्या कोर्टात नेलं. त्याला स्फोटकं विकणारा माणूस साक्ष द्यायला तयार होता पण न्यायाधीशानं साक्षच घेऊ दिली नाही, का तर त्याचं नाव आरोपीकडून जबरदस्तीनं काढलेलं होतं. ज्युरीनं 285 पैकी 284 आरोपांतून सोडला! एका आरोपावर निभावलं. तो एक पण सुटला असता म्हणजे?

ओसरीवरचा:

काका, त्या एका आरोपावर त्याला विनापॅरोल जन्मठेप झाली, हे तुम्ही गाळलंत. आता उलट बाजू बघा, बिन लादेनचा ड्रायव्हर हमदान, लष्करी कमिशनसमोर, तुमच्या कडक कोर्टात. शिक्षा साडेपाच वर्षं, त्यातली पाच वर्षांवर आधीच भोगलेली धरली, काही महिन्यांत येमेनला घरी. आणि 2012 मध्ये अपिलात तीही शिक्षा रद्द. बुटात बॉम्ब घेऊन विमानात बसलेला रीड, 9/11 च्या कटातला मूसावी, दोघंही नेहमीच्या कोर्टातून जन्मभरासाठी आत आहेत, नाव तरी निघतं का त्यांचं?

आणि लष्करातल्या लोकांचंच ऐका की. ग्वांतानामोतल्याच माजिद खान या कैद्याला 2021 मध्ये शिक्षा ठरवायला आठ लष्करी अधिकाऱ्यांची ज्युरी होती. त्यानं गुप्त तुरुंगात काय काय झालं ते त्यांच्यासमोर सांगितलं. त्यांनी 26 वर्षं शिक्षा दिली आणि मग आठांपैकी सात जणांनी हातानं पत्र लिहून दया दाखवा म्हणून कळवलं, ही वागणूक म्हणजे अमेरिकेच्या नीतिमत्तेवरचा डाग आहे असं लिहिलं. हे मानवाधिकारवाले नव्हते, गणवेशातले अधिकारी होते.

चर्नीरोड_लोकल:

एवढं लांब कशाला जाताय, आपल्याकडे बघा. कसाबला आर्थर रोडमध्ये विशेष कोर्ट बांधून पण नेहमीच्या कायद्यानंच चालवलं ना. तहलियानीसाहेबांसमोर सीसीटीव्ही, सीएसटीतले फोटो, कुबड्या घेऊन आलेल्या लहान मुलीची साक्ष, दीड हजारावर पानांचा निकाल. त्याच निकालात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले आणि ते सुप्रीम कोर्टापर्यंत सुटलेलेच राहिले. नोव्हेंबर 2008 ला पकडला, नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी. चार वर्षं! तेव्हा सगळे 'बिर्याणी खिलवतात' म्हणून ओरडत होते, मीही त्यात होतो खरंतर. पण आज कोणी म्हणू शकतं का की भारतानं चुकीचा माणूस लटकवला?

आणि हेडली. ऑक्टोबर 2009 मध्ये शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पकडला. त्याच विमानतळावर 2002 मध्ये पडिया नावाचा अमेरिकन नागरिक पकडला होता, त्याला एनिमी कॉम्बॅटंट (शत्रूचा लढवय्या) ठरवून साडेतीन वर्षं नौदलाच्या तुरुंगात एकटा कोंडला, शेवटी नेहमीच्याच कोर्टात न्यावा लागला. हेडलीला पहिल्या दिवसापासून नेहमीच्या कोर्टाचा रस्ता, आणि तो पोपटासारखा बोलला. साथीदार राणाविरुद्ध बोलला, 2016 मध्ये व्हिडिओवरून मुंबईच्या कोर्टासमोर बोलला.

खडकीचा_खडूस:

आणि बदल्यात काय घेतलं ते पण सांगा की. फाशी नाही, भारताकडे सोपवणार नाही, 35 वर्षं. 166 माणसं मारायच्या कटात रेकी करणारा माणूस! तेव्हा आपण सगळे चिडलो होतो ना? मग खालिदच्या सौद्यावर अमेरिकन चिडले तर त्यांना शहाणपण शिकवणारे आपण कोण.

आणि कसाबचं उदाहरण फसवं आहे. हातात बंदूक घेतलेला फोटो आहे, ओंबळेंनी जीव देऊन जिवंत पकडून दिला, अशी केस शंभरात एक. 11 जुलै 2006 च्या लोकल स्फोटांचं बघा. 180 च्या वर लोक मेले, 2015 मध्ये पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप, आणि 21 जुलै 2025 ला हायकोर्टानं बाराच्या बारा जण निर्दोष सोडले. 19 वर्षांनी. सुप्रीम कोर्टानं तीन दिवसांत स्थगिती दिली पण तीही निकाल इतर केसेसमध्ये वापरू नका एवढ्यापुरती, सुटलेले परत आत गेले नाहीत. म्हणजे नेहमीच्या कोर्टातही तेच भिजत घोंगडं. मग एकतर खरे गुन्हेगार सुटले किंवा निरपराध लोक 19 वर्षं सडले, दोन्हीत सरकारी यंत्रणेची लाजच निघते.

कायदेवाली:

खडूस, तुमचं उदाहरण उलट माझ्याच बाजूचं आहे. 7/11 ची केस कशावर उभी होती? मोक्काखाली पोलिस अधिकाऱ्यांनी घेतलेल्या कबुलीजबाबांवर, जे साध्या कायद्यात पुरावा म्हणून चालतच नाहीत. हायकोर्टानं तेच फेटाळले. तिकडे एप्रिल 2025 मध्ये लष्करी न्यायाधीश मॅकॉल यांनी 9/11 च्याच खटल्यातल्या अम्मार अल बलुचीचे कबुलीजबाब काढून टाकले. एफबीआयनं 2007 मध्ये नव्यानं, मारहाण न करता विचारलं होतं तरीही. कारण त्याआधीच्या वर्षांचा छळ त्याच्या अंगात इतका मुरलेला होता की नंतर तो जे बोलला ते स्वखुशीनं बोलला असं धरता येत नाही. लक्षात घ्या, हे लष्करी न्यायाधीश म्हणतायत. कोर्ट कुठलंही घ्या, मारून काढलेला जबाब पुढे जाऊन फिर्यादी पक्षाचंच नाक कापतो.

एडिसनकर:

हे मात्र पटलं. आणि एक किस्सा: फेब्रुवारी 2015 ला सुनावणीत एका आरोपीनं बचाव पक्षाच्याच नव्या दुभाष्याकडे बघून सांगितलं की हा माणूस मला ओळखीचा आहे, सीआयएच्या गुप्त तुरुंगात होता. आणि ते खरं निघालं! सुनावणी तिथल्या तिथे थांबली. कोर्टाच्या सिरीयलमध्ये दाखवलं तर लोक म्हणतील काहीही हं.

तोफखाना_निवृत्त:

छळाचं समर्थन मी एकदाही केलेलं नाही, वर वाचून बघा. फौजेत कैद्याला हात लावायचा नाही हे आम्हाला पहिल्यापासून शिकवतात, आणि हे उद्योग सैन्यानं नाही गुप्तहेर खात्यानं केले. माझा मुद्दा तसाच उभा आहे. अबू झुबैदासारखा माणूस, खटला भरण्याइतका पुरावा नाही आणि सोडला तर काय करेल माहीत नाही, धरलं तर चावतं सोडलं तर पळतं. त्याचं तुम्ही काय कराल? युद्ध संपेपर्यंत ठेवणं हाच त्यातल्या त्यात कायदेशीर मार्ग आहे. नेहमीच्या फौजदारी कायद्यात बसवायला गेलात तर उद्या प्रतिबंधक स्थानबद्धता सगळ्यांनाच लागू करतील, ते जास्त वाईट.

ओसरीवरचा:

शेवटच्या वाक्याशी सहमत, फौजदारी कायदा वाकवून त्यात असल्या गोष्टी घुसवणं मलाही नको आहे. पण 'युद्ध संपेपर्यंत' म्हणजे कधीपर्यंत काका? 1945 मध्ये जर्मनीनं शरणागतीवर सही केली, कैदी घरी गेले. इथं सही करणार कोण? अफगाणिस्तानातून सैन्य 2021 मध्ये परत आलं, तरी झुबैदा 2002 पासून आतच, एकही आरोप न ठेवता. त्याला 83 वेळा वॉटरबोर्डिंग केलं आणि अल कायदाचा मोठा नेता म्हणत होते, नंतर सरकारनंच तो दावा सोडून दिला.

काय करायचं विचारता, तर ठरावीक मुदतीनं बाहेरच्या न्यायाधीशासमोर पुरावा ठेवा, नसेल तर सोडा. त्यांचा स्वतःचा आढावा बोर्ड आहे, पण त्याचं ऐकायची सक्ती नाही. सुमारे 780 जण तिथं येऊन गेले, जानेवारी 2025 ला 15 उरले होते, त्यातल्या तिघांना सोडायला हरकत नाही असं सरकारच म्हणत होतं, आणि ते तिघं तरीही आतच होते.

शेंगदाणा_कूट:

15 माणसांसाठी अख्खा तळ चालवतात?? मी आपला भिंतीवरच ठाम आहे, निदान टॅक्सचे पैसे तरी वाचतील 😄

तोफखाना_निवृत्त:

@शेंगदाणा_कूट तुम्ही माझ्या बाजूनं बोलू नका प्लीज.

@ओसरीवरचा बाहेरचा न्यायाधीश मान्य. पण गुप्त पुरावा त्याला एकट्याला दाखवायचा की आरोपीच्या वकिलालाही, ते आधी सांगा. मग बोलू.