आरओच्या पाण्यात मीठ टाकलं म्हणून दुधाळ झालं भाऊ

आप्पांनी विचारलंय की घरी कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे काही लोक औषध म्हणून पितात ते चांदीचं पाणी, बनवायला आरओच्या पाण्यात चांदीच्या दोन तारा सोडून बॅटरी लावली, वरून चिमूटभर मीठ टाकलं तर पाणी दुधाळ का झालं. आप्पा, ते मीठच नडलं ना भो. मिठातलं क्लोराईड चांदीला धरतं आणि सिल्व्हर क्लोराईड होऊन पांढरा गाळ बसतो, उन्हात ठेवला तर तो काळपट पण पडतो. आणि आरओचं पाणी म्हणजे काही डिस्टिल्ड नाही, आमच्याकडे बोअरचं इतकं जड पाणी आहे की आरओतून निघाल्यावर पण टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं) शून्य काही दाखवत नाही. तार पण बघा, ९२.५ टक्केवाली असेल तर उरलेलं बहुतेक तांबं असतं, तेही पाण्यात उतरतं. जळगावच्या सराफात शुद्ध तार मिळेल हो, पण पुढं काय?

कारण घरी जे बनतं ते जास्त करून आयनिक, म्हणजे पाण्यात विरघळलेली चांदी असते, कोलॉइड म्हणजे तरंगणारे बारीक कण कमीच, आणि पोटात गेली की तिथल्या आम्लात परत क्लोराईडच. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेनं, १९९९ लाच सांगून टाकलंय की हे औषध म्हणून ना सुरक्षित ना गुणकारी. तिकडचा पॉल कॅरासन घरीच बनवून वर्षानुवर्षं प्यायला, कातडी निळी पडली ती शेवटपर्यंत निळीच राहिली.

बाळाला चांदीच्या वाटीत दूध पाजतो ते वेगळं, त्यात करंट थोडी सोडतो आपण! प्रयोग म्हणून करा, पिऊ नका.