आजोबांची दुनळी: डावा घोडा नाही, पुढचं लाकूड नाही. कुठली असेल?

कुडाळचो_नातू
नमस्कार मंडळी. घरात आजोबांची बारा बोअरची दुनळी आहे. परवाना वारसाने बाबांच्या नावावर आलाय, नूतनीकरण झालेलं आहे, तेव्हा ती काळजी नको. डाव्या नळीचा घोडा मी जन्मापासून पाहिलेला नाही. नळ्यांखालचं लाकूडही हरवलंय, त्यामुळे बंदूक उघडली की नळ्या सुटून हातात येतात. दस्ता मानेशी तडकलाय, त्याला आजोबांनी तांब्याची तार गुंडाळली होती. मधल्या पट्टीवर ‘रॉडा, कलकत्ता’ एवढं वाचता येतं. आजोबा सांगायचे, अस्सल विलायती! वाजवायची नाहीये, पण अशी लुळी भिंतीवर टांगायलाही मन होत नाही. कुठली, किती जुनी? गंज काढायला पॉलिश पेपर आणून ठेवलाय.

आंबोलीचो_बापू
पयलो तो पॉलिश पेपर बाजूक ठेव! गंजाखाली लाटांसारखी नक्षी दिसते का बघ. दिसली तर नळी दमास्कस. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, तापवून ठोकलेली. घासलीस तर वरची नक्षी जाईल आणि नळीची जाडीही कमी होईल. पातळ तेल लावून रात्रभर ठेव, सकाळी सुती फडक्याने पूस. आठ दिवस हेच कर, घाई नको.

पट्टीवरच्या नावावर जाऊ नको. रॉडा हे कलकत्त्याचे बंदूकविक्रेते. (२६ ऑगस्ट १९१४ ला क्रांतिकारकांनी ज्यांची ५० माउझर पिस्तुलं पळवली, तेच हे.) पट्टीवर दुकानाचं नाव असलं तरी बंदूक भलतीकडची असू शकते. खरी जन्मपत्रिका म्हणजे नळीच्या चाचणीचे शिक्के, ते नळ्यांच्या बुडाशी, खालच्या सपाट भागावर असतात. नळ्या सुटतातच तुझ्या, उलट्या करून भिंगाने बघ. मुकुटाखाली बीपी आणि बीव्ही असेल तर बर्मिंगहॅम, १९०४ किंवा नंतरची. मुकुटाखाली जीपी असेल तर लंडन. लंबगोलात ईएलजी आणि खाली तारा असेल तर बेल्जियममधलं लिएज.

कोर्टाची_पायरी
बापूकाका ओळख पटवतील, मी कटकटीचं बोलते. घोडा कुणा ओळखीच्या लेथवाल्याकडून करून घेऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो, आणि तो करणाऱ्याकडे हवा. तुमच्या बाबांचा परवाना बाळगण्याचा आहे. आणि ‘मोडकीच तर आहे’ म्हणून परवाना सोडून देऊ नका. कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनही जी चालणार नाही, तिलाच आहे. तुमची एका घोड्याने चालू होईल.

कुडाळचो_नातू
काका, सापडलं! रॉकेलने पुसल्यावर लंबगोल, आत ईएलजी, खाली तारा, आणि लंबगोलावर चक्क मुकुट. शेजारी १८.३ असा आकडा. दोन्ही नळ्यांवर नक्षी आहे, पावसात ओल्या झालेल्या वाळूसारखी. बाबांना सांगितलं तर दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, “म्हणजे इंग्लंडची नाय?”

आंबोलीचो_बापू
नाय रे. पण बाबांना सांग, वाईट वाटून घेऊ नका. लिएजजवळच्या व्हेद्र नदीच्या खोऱ्यात, नेसॉनव्होसारख्या गावांत, दमास्कस नळ्या घडवणारे पिढीजात लोहार होते. त्या नळ्या इंग्लंडमध्येही जायच्या. लंबगोलावरचा मुकुट १८९३ मध्ये आला, तेव्हा तुझी त्यानंतरचीच. १८.३ म्हणजे नळीचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये.

आता एक नीट बघ. सिंहाची आकृती आणि पीव्ही अक्षरं कुठे आहेत? तो शिक्का बिनधुराच्या दारूच्या चाचणीचा.

कुडाळचो_नातू
नाही. दोनदा बघितलं. बाबा सांगतात, आजोबा पितळी काडतुसं घरीच भरायचे, काळी दारू घालून.

आंबोलीचो_बापू
मग जुळलं. आजचं विकतचं काडतूस बिनधुराच्या दारूचं, ते ह्या नळीत कधीही घालायचं नाही, डुकरं भातात शिरली तरी नाही. घोडा लागला तरी ती शोभेचीच.

लाकूड अक्रोडाचं करून मिळेल, पण त्यातलं लोखंडी कडं जुन्या मोडक्या बंदुकीतूनच काढून बसवावं लागतं. बाबांना घेऊन परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जा, अख्खी बंदूक आणि परवाना दोन्ही सोबत. जायच्या आधी उजव्या घोड्याचे चारही बाजूंनी फोटो काढ. डावा त्याचा आरसा असतो, दुसरा उजवा आणून बसवला तर तोंड बाहेरच्या बाजूला वळतं. असा एक माझ्याकडे पडून आहे, पैसे देऊन घेतलेला.

आणि दस्त्यावरची ती तार काढू नको हां.