मदत हवी आहे: मागचा डिफ परत गेला, कोणता टाकू?

यवतेश्वर_एक्सप्रेस (सातारा)
मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे. गाडीचा मागचा डिफरन्शियल (इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा भाग) परत गेला. दिवाळीच्या आधी त्यातलं क्राउन-पिनियन (मोठ्या-लहान गिअरची जोडी) बदलून घेतलं होतं, आता पुन्हा तीच रड. इंजिन ओके, गिअरबॉक्स ओके, फक्त मागच्याला पॉवर झेपत नाही. रिपेअरमध्ये आता रस नाही, अपग्रेडच करायचंय. कोणता बसेल, कुठं मिळेल, खर्च किती, एवढंच सांगा. 'गाडी हळू चालव' छाप सल्ले नकोत. गॅरेजवाला बुधवारनंतर लिफ्ट अडवून ठेवायला तयार नाही.

थ्रीसिरीज_सांगली
ओपन डिफ असणार, एक चाक घसरलं की जोर तिकडंच जाणारा. सरळ हेलिकल एलएसडी टाक, म्हणजे ते घसरणं गिअरने आवरणारा लिमिटेड स्लिप डिफ. प्लेटवाला नको, त्याच्या प्लेटा झिजतात, तेलात फ्रिक्शन मॉडिफायर घालावं लागतं, नाहीतर पार्किंगमध्ये वळवताना कटकट वाजतो. हेलिकलला ती भानगड नाही. एक चाक पूर्ण हवेत गेलं तर मात्र तो ओपनसारखाच वागतो, पण आपण कुठं गाडी उडवतोय. माझ्या थ्री सिरीजला बसवल्यापासून वळणातून गाडी अशी सुटते की बास. आणि रनफ्लॅट टायर असतील तर तेही काढून टाक.

कुपवाडकर_टर्नर
रनफ्लॅटचं कुणी विचारलं का? यवतेश्वर, गाडी कुठली, इंजिन कुठलं, आणि नेमकं काय तुटलं? क्राउन, पिनियन, स्पायडर (डिफच्या आतले छोटे गिअर) का एक्सल? 'डिफ गेला' एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरपुढं जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणणं झालं.

यवतेश्वर_एक्सप्रेस
कॉन्टेसा. प्रोफाइलला फोटो आहे की राव. पिनियनचे दात गेलेत, क्राउनचेही काही. हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, काही झालेलं नाही.

माणदेशी_पाटील
आहाहा, कॉन्टेसा! आमच्या थोरल्या चुलत्यांची काळी होती. मागच्या सीटवर आम्ही सगळी पोरं, म्हसवडच्या जत्रेला. मूळची ती इंग्लंडची व्हॉक्सहॉल, हिंदुस्तान मोटर्सने १९८४ ला इथं आणली. सुरुवातीला ॲम्बेसिडरचंच १४८९ सीसीचं इंजिन, त्यामुळं दिसायला वाघ आणि चढाला बैल. नंतर इसुझूचं १.८ आलं तेव्हा कुठं जीव आला. गाडीचे अजून फोटो टाका की.

करवीर_गिअर
१.८ इसुझू असेल तर ते इंजिन पिनियन खात नाही. नव्वदच्या आत हॉर्सपॉवर, आणि हाउसिंग त्याच हिशेबाचं. बॉनेटखाली दुसरं काहीतरी आहे. काय आहे ते लिहा, नाहीतर सगळे अंधारातच चाचपडत राहतील.

यवतेश्वर_एक्सप्रेस
टोयोटाचं वन-जेझेड आहे ताई. त्याचा इथं काय संबंध? प्रश्न मागच्या डिफचा आहे.

करवीर_गिअर
सगळा संबंध त्याचाच आहे. वन-जेझेड म्हणजे जीई (बिनटर्बो) का जीटीई (टर्बो)? टर्बो एक का दोन? गिअरबॉक्स कुठला?

यवतेश्वर_एक्सप्रेस
जीटीई, व्हीव्हीटीआय, सिंगल टर्बो. गिअरबॉक्स आर-१५४. बूस्ट (टर्बोचा दाब) कंपनीचाच.

आरसीबुक_बघा
मालक, इंजिन नंबर आरसीवर चढवलाय का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय, कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही. कॉन्टेसा २००२ ला बंद झाली, म्हणजे पंधरा वर्षं केव्हाच उलटली. नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं मिळतं आणि दरवेळी इन्स्पेक्टर चेसिस नंबर, इंजिन नंबर बघतो. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल.

यवतेश्वर_एक्सप्रेस
आरसीचा धागा वेगळा काढा. इथं डिफ.

करवीर_गिअर
काढायला हवाच तो धागा, ते खोटं बोलत नाहीयेत. असो.
हिशेब बघा. या इंजिनाचा टॉर्क ३७८ न्यूटनमीटर. आर-१५४ चा पहिला गिअर ३.२५. म्हणजे पहिल्यात पूर्ण बूस्टला पिनियनवर साधारण १२३० न्यूटनमीटर येतात. क्लच झटक्यात सोडलात तर त्या क्षणी याहून जास्त, कारण फ्लायव्हीलचा साठलेला जोरही त्यात पडतो. मूळ इंजिनाच्या दुपटीहून किती तरी जास्त झाला हा भार. पिनियन तेवढाच, बेअरिंग तेवढेच. लोड आला की पिनियन क्राउनपासून दूर ढकलला जातो, दाताचा संपर्क टोकाकडे सरकतो आणि दात मुळातून निघतो. एलएसडीने यातलं काहीही बदलत नाही. तो दोन चाकांत टॉर्क कसा वाटायचा ते बघतो, क्राउन-पिनियन त्याच्या आधी येतं.

थ्रीसिरीज_सांगली
एलएसडीने ट्रॅक्शन वाढतं, चाक फिरत नाही, म्हणून झटका कमी बसतो. अनुभवाचं बोलतोय.

कुपवाडकर_टर्नर
उलटं आहे लेका. चाक फिरलं तर टॉर्क तिथं सुटतो. चाकानं पकड घेतली की सगळा मार दातावर.

बोलेरो_किंग_कराड
एवढा विचार कशाला? बोलेरोचा एक्सल टाक, विषय कट. उसाची ट्रॉली ओढतो तो. आणि लॉकिंग डिफवाला मिळाला तर सोने पे सुहागा, थारमध्ये पण तोच प्रकार असतो.

करवीर_गिअर
बोलेरोचा एक्सल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसतो. कॉन्टेसाला मागं कॉइल स्प्रिंग, ट्रेलिंग आर्म आणि पॅनहार्ड रॉड (एक्सल धरणारे दांडे). म्हणजे पाट्यांचे पॅड कापून सगळे ब्रॅकेट नव्याने वेल्ड करायचे, आणि त्या उष्णतेने हाउसिंग वाकलं तर एक्सल बेअरिंग महिन्यात बोंबलणार. चाकाचा पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) १३९.७ मिमी, तो वेगळाच. आणि तो मेकॅनिकल लॉकर एका चाकाचा वेग दुसऱ्यापेक्षा शंभरेक आरपीएमने वाढला की लागतो, तोही साधारण तीस किलोमीटरच्या खाली. वर तो ओपनच. चिखलासाठी उत्तम, यांच्या कामाचा नाही.

बोलेरो_किंग_कराड
ताई पुस्तकातलं सांगताय. आमच्याकडं ब्रॅकेट वेल्ड करणारे कारागीर आहेत, डोळ्यानं लेव्हल धरतात.

कुपवाडकर_टर्नर
डोळ्यानं लेव्हल धरलेल्या हाउसिंगा माझ्याकडं सरळ करायला येतात. धंदा चालू ठेवा.

हळद_बाजार
कुपवाड एमआयडीसीत ईएन-३६ पोलादात नवीन क्राउन-पिनियन करून घ्या. मटेरियल भारी, हार्डनिंग करा, आयुष्यभर बघायला नको.

कुपवाडकर_टर्नर
मी तिथंच आहे म्हणून सांगतो. साधा स्पर गिअर हॉबिंगवर निघतो. क्राउन-पिनियन हायपॉइड (वळणदार दातांचं) असतं, त्याला ग्लीसनसारखं खास मशीन लागतं, कटर लागतात, आणि शेवटी दोघांना एकत्र फिरवून लॅप करावं (घासून जुळवावं) लागतं. एका गाडीसाठी कोण सेटिंग लावणार? आणि ईएन-३६ घेतलं म्हणून दात जाड होत नाही.
यवतेश्वर, एक सांग. दिवाळीच्या आधी बसवलं ते क्राउन-पिनियन जोडीचं होतं का? आणि फिटिंग कुणी, कशी केली? डायल (ढील मोजायचं गेज) लावला होता का?

यवतेश्वर_एक्सप्रेस
कुर्ल्याहून आणलं, जोडीचंच म्हणाला. फिटिंग इथल्याच मिस्त्रीने केली. डायल वगैरे नाही, हाताने हलवून बघितलं, 'बरोबर आहे' म्हणाला. आवाज पण नव्हता. रेस दिल्यावर हलकी हूं यायची, ती सगळ्यांनाच येते.

कुपवाडकर_टर्नर
सगळ्यांना येत नाही. रेसवर हूं आणि सोडल्यावर गप्प, किंवा उलटं, म्हणजे पिनियनची खोली चुकलीय. बॅकलॅश (दातांमधली ढील) चार ते आठ थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) आसपास लागतो, हाताला चार आणि बारा सारखेच लागतात. दातांना निळा लावून फिरवायचं, ठसा दाताच्या मधोमध यायला हवा. कडेला आला तर शिम बदलून पुन्हा. पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (आवळ) वेगळा बघायचा, आणि क्रश स्लीव्ह (आवळताना दबणारी नळी) असेल तर दर वेळी नवा. नट खोलून तोच स्लीव्ह परत आवळला की प्रीलोड गेला. त्यात पूर्ण दिवस जातो. तासाभरात बसवून दिलेल्या डिफला मी डिफ म्हणत नाही.

नव्वदनंबर_तेल
तेल कुठलं वापरलंत? माझ्या मते सगळं मूळ तेलात आहे. ८५डब्ल्यू-१४० भरा, प्रश्न मिटेल.

करवीर_गिअर
हायपॉइडला जीएल-५ दर्जाचंच तेल हवं, दात एकमेकांवर घसरतात म्हणून. पण तेल चुकलं तर दात चरतो, काळानिळा पडतो. तुटून हातात येत नाही. यवतेश्वर, तुटलेल्या दाताचा जवळून फोटो टाका, उजेडात, धुवून.

यवतेश्वर_एक्सप्रेस
टाकला. घाई करा प्लीज.

करवीर_गिअर
फोटो चांगला आहे. पिनियनच्या दोन दातांचा तुटलेला पृष्ठभाग सगळा खरखरीत, साखरेच्या दाण्यांसारखा. दात हळूहळू थकून तुटला असता तर एका कडेला चंद्रकोरीसारखा गुळगुळीत भाग दिसला असता, तो कुठेच नाही. म्हणजे एका झटक्यात गेलेत. आणि क्राउनच्या दोन दातांमध्ये काहीतरी चिरडल्याची खोल खूण आहे, गोलसर. ती दाताने दाताला पडणारी खूण नाही. मध्ये परका तुकडा आलेला आहे. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर काय निघालं?

यवतेश्वर_एक्सप्रेस
मॅग्नेटवर बारीक चुरा आणि एक मसुराएवढा गोळा. तो वेल्डिंगचा असेल, दोन्ही चाकं एकत्र फिरावीत म्हणून स्पायडर वेल्ड केलेत ना.

कुपवाडकर_टर्नर
काय???

थ्रीसिरीज_सांगली
भावा, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं.

यवतेश्वर_एक्सप्रेस
त्यात काय लिहायचं? ड्रिफ्टवाले सगळेच वेल्ड करतात. एलएसडीचे पैसे वाचतात.

कुपवाडकर_टर्नर
कार्बुराइज केलेल्या (वरून कडक केलेल्या) स्पायडरवर न तापवता वेल्ड मारला तर तो काचेसारखा बसतो. चटके खाऊन कण सुटतो, तेलात पडतो, क्राउन तो उचलून पिनियनखाली नेतो. फोटोतली खूण त्याचीच. यात वन-जेझेडलाही दोष नाही आणि कुर्ल्यालाही नाही. नवीन कुठलाही एक्सल आण, त्यात पुन्हा वेल्ड मारलास तर हेच होणार.

बोलेरो_किंग_कराड
आमच्या इथं वेल्ड केलेले दोन-दोन वर्षं चाललेत.

करवीर_गिअर
चालतात, ट्रॅकवर. यवतेश्वरच्या घाटात दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवत वळायचं म्हणजे टायर घासतात, आणि एका चाकाने पकड सोडली की सगळा टॉर्क दुसऱ्या एका एक्सल शाफ्टवर.
तरीही अपग्रेड लागेलच, १२३० चा हिशेब काही बदलत नाही. माझं मत: जुन्या इनोव्हाचा मागचा एक्सल बघा. कॉइल स्प्रिंग, लिंक आणि आडवा रॉड, म्हणजे रचना कॉन्टेसाच्या जवळची. माणसं आणि सामान भरून वर्षानुवर्षं पळणाऱ्या गाडीचा आहे. टॅक्सीला चाललेल्या, अपघातात पुढून गेलेल्या गाड्यांचे एक्सल भंगारात मिळतात. अडचणीही सांगते: इनोव्हा कॉन्टेसापेक्षा रुंद आहे, म्हणून आधी दोन्ही एक्सलचं हबच्या तोंडापासून तोंडापर्यंतचं माप घ्या. पीसीडी ११४.३, चाकं त्या हिशेबाने. प्रॉपेलर शाफ्टचा फ्लँज नवा आणि शाफ्ट बॅलन्स करूनच. ब्रॅकेट इथंही लागतील, पण ती जिगवर (मापाच्या साच्यावर). रेशो हवा असेल तर दात मोजा, क्राउनचे ४१ आणि पिनियनचे ११ असतील तर ३.७३. स्पीडोमीटर त्याप्रमाणे. आणि ट्रेलिंग आर्मचे जुने रबर बुश बदला, ते ढिले असले की रेसवर पिनियनचं नाक वर उचलतं.

यवतेश्वर_एक्सप्रेस
हे पहिल्यांदाच सांगितलं असतं तर दिवस वाचला असता. खर्च?

कुपवाडकर_टर्नर
माप दिल्याशिवाय खर्च सांगणारा माणूस फसवणारा असतो. माप घे, इथं टाक. लिफ्टची काळजी करू नको, गाडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेव, चाकं काढ, लिफ्ट त्याला देऊन टाक. हाउसिंग टेम्पोत घालून माझ्याकडं आण. सेटिंग डायलवर करून देतो, पण स्पायडरला वेल्डची कांडी लावलेली दिसली तर परत पाठवीन.

यवतेश्वर_एक्सप्रेस
बरं काका. जुन्या एक्सलचं माप आज संध्याकाळी टाकतो. इनोव्हाचा कुणाकडं पडून असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, सातारा-कराड-सांगली कुठंही येतो.

माणदेशी_पाटील
गाडीचे फोटो राहिले.

हळद_बाजार
जुनं १.८ इसुझू पडून आहे का? विकायचं असेल तर सांगा, माझ्या कॉन्टेसाचं हेड गेलंय.