मदत हवी आहे : मारुती ८००चा पुढचा एक्सल पुन्हा पुन्हा सुटतो

नागनदीकाठ
गेल्या महिन्यात गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे) आणि एक एक्सल (गिअरबॉक्समधून चाकाला फिरवणारा दांडा) बदलून घेतला. त्यानंतर तो एक्सल दोनदा गिअरबॉक्समधून सुटला. इंजिन चालू असते, गिअर पडतो, पण गाडी जागची हलत नाही, आणि दुसऱ्या वेळी तर वर्धा रोडवर भर दुपारी ती ढकलत कडेला न्यावी लागली. मिस्त्री म्हणतो की सामान खराब आहे, दुकानदार म्हणतो की बसवणी चुकली आहे. रविवारी अमरावतीला जायचे आहे, तेव्हा काय बदलावे एवढेच कृपया सांगावे.

जुनेसामान
गाडी कोणत्या वर्षाची, गिअर चार की पाच, आणि एक्सल डावा की उजवा, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. या गाडीच्या दोन्ही एक्सलची लांबी वेगळी असते. जुना एक्सल नव्याशेजारी ठेवून लांबी आणि टोकावरचे दात मोजले होते का?

नागनदीकाठ
२००३ची, पाच गिअर, डावी बाजू. जुना एक्सल मिस्त्रीकडेच आहे. लांबी आणि दात सारखेच आहेत, असे तो सांगतो.

हिंगणेकर
मग लॉक रिंग पाहा. एक्सलच्या आतल्या टोकावरची ही रिंग प्रत्येक वेळी नवी टाकायची असते, परंतु जुनीच दाबून बसवतात. माझ्या गाडीत हाच दोष निघाला होता.

कामठीरोड
हिंगणेकर, रिंग किरकोळ ओढ सहन करते, पण चाक आणि गिअरबॉक्स यांमधले अंतरच बिघडले असेल तर नवी रिंगसुद्धा किती दिवस टिकणार? या गाडीचा लोअर आर्म एकेरी आहे. चाकाला मागे-पुढे सरकू न देण्याचे काम स्टॅबिलायझर रॉड करतो, आणि त्याचे टोक आर्ममधून रबर बुश व वायसर घालून आवळलेले असते. शिवाय गिअरबॉक्स ज्या माउंटिंगवर बसतो त्याचे रबर फाटले, तर गिअरबॉक्स स्वतःच बाजूला सरकतो. गाडी एका बाजूला ओढते का?

सदरवासी
पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, ते केले आहे ना?

नागनदीकाठ
नूतनीकरण झाले आहे, आणि प्रश्न तो नाही. गाडी डावीकडे ओढते. आताच पाहिले तर डावे चाक मडगार्डमध्ये उजव्यापेक्षा दोन बोटे मागे आहे. हे चाक दुभाजकावर आदळले होते, म्हणूनच तर हे सगळे काम काढले. ते लिहिण्यासारखे वाटले नव्हते.

कामठीरोड
साहेब, लिहायचे होते ते तेच! रॉड उतरवून नव्या रॉडशेजारी सपाट जमिनीवर ठेवा, म्हणजे वाक लगेच दिसेल. नंतर गिअरबॉक्सखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने हलकेच उचला आणि माउंटिंगचे रबर उघडते का ते पाहा. लोअर आर्मचे बुश शेवटी, गाडी चाकांवर उभी करूनच आवळायला सांगा. हवेत आवळलेले रबर कायम पिळलेले राहते. एक्सल सुटला म्हणजे गिअर ऑइलही गळले असणार, ते भरून घ्या आणि सील तपासा.

हिंगणेकर
तरीही आधी अलाइनमेंट करून पाहावी.

कामठीरोड
अलाइनमेंटवाला या गाडीत टाय रॉडवरून टो, म्हणजे चाकांची तोंडे आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, तेवढा बदलू शकतो, मागे गेलेले चाक तो पुढे आणू शकत नाही.

नागनदीकाठ
दोन्ही गोष्टी निघाल्या. रॉडचे डावे टोक मागे वाकलेले आहे, आणि डाव्या माउंटिंगचे रबर पूर्ण फाटून लोंबत आहे. एक्सल तोच राहील. नवा रॉड सोमवारी येणार असल्यामुळे अमरावतीला एसटीने जात आहे.

हिंगणेकर
लॉक रिंग मात्र नवीच घ्या.