इमारतींच्या आकारावरून दोन शहरं सारखी ठरवता येतात का?

नकाशेवाला:
ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या ऑनलाइन नकाशावरून इमारतींच्या बाह्यरेषा उतरवून घेता येतात. क्षेत्रफळ गुणिले १२.५७, भागिले परिमितीचा वर्ग, की झाला आकाराचा आकडा. वर्तुळाला १, चौरसाला ०.७९, एकास चार अशा लांबट आयताला ०.५. मधला चौक धरला तर वाडा आणखी खाली. शहरभरच्या आकड्यांचे आलेख शेजारी ठेवले की कोण कोणाचं भावंड ते दिसतं. 'अगदी पुण्यासारखं वाटतं हो' यापेक्षा हे केव्हाही बरं.

सामासिक अंतर:
मोजताय नक्की काय? २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीने मुंबई सोडून बहुतेक महापालिकांना एकच माप लावलं. पुढे किती जागा सोडायची, बाजूला किती, एफएसआय किती, म्हणजे प्लॉटच्या मानाने एकूण किती बांधायचं, सगळं त्यात. नाशिकचा पाथर्डी फाटा आणि पुण्याची वाघोली एकसारखी दिसणारच! मी दिवसभर हेच प्लॅन काढते. संडास-बाथरूमचे पाइप जातात त्या डक्टसाठी भिंतीत खाचा पडतात, परिमिती वाढते, तुमचा आकडा घसरतो. म्हणजे बिचारी सोसायटी थेट वाड्यांच्या पंक्तीला.

नकाशेवाला:
खाचांचं मान्य, बाह्यरेषा आधी थोडी सरळ करून घ्यावी लागते. पण नियम शहराचा नसतो का? बार्सिलोनाच्या विस्ताराचा आराखडा करणाऱ्या सेर्दाने १८५९ मध्ये कोपरे छाटलेले, साधारण ११३ मीटरचे ठोकळे आखले. आज बार्सिलोना म्हटलं की तेच आठवतात.

गल्लीबोळ:
हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. सेर्दाच्या मनात दोन बाजूंना घरं आणि मधे बाग होती. पुढे चारही बाजू बांधल्या, आत कारखाने घुसले. ठोकळा तोच, राहणीमान वेगळं. शिवाय उंची कुठाय यात? दोन मजली घर आणि वीस मजली टॉवर, तळ सारखा असेल तर आकडा एकच. धारावीत तर छपराला छप्पर भिडलेलं. उपग्रहचित्रावरून रेषा काढणारं यंत्र पाच घरांचं एक करणार, आणि वस्ती गोदामांशी जुळणार.

कसबेकर:
नव्या उपनगरांवरून भांडताय म्हणून हे होतंय. पेठेत या. वाडा पडतो, पार्किंगवर पाच मजले चढतात, पण प्लॉट तोच, तोंड अरुंद आणि आत खोलच खोल, त्यामुळे इमारतही तशीच. ही पेठ अहमदाबादच्या पोळांशी, म्हणजे तिथल्या जुन्या दाट वस्त्यांशी, ताडून बघा, हाती काही लागेल. सगळ्या पुण्याचा एक आकडा मात्र नको, त्यात पेठही हरवते आणि वाघोलीही.

सामासिक अंतर:
शेजारचे तीन प्लॉट एकत्र करून पुनर्विकास झाला की तुमचं अरुंद तोंडही गेलं. तसे प्रस्ताव रोज येतात माझ्या टेबलावर.