शब्दचर्चा : ‘डोअर पॅनेल’ म्हणजे पॅड, पत्रा की अस्तर?

प्रश्न, दादरहून

हौशी मोटार-रॅलीत उतरणाऱ्या एका लहान गटासाठी मी कार्यशाळेतील कामगारांना देण्याच्या सूचनांचे मराठी टिपण तयार करीत आहे. गाडी जुनी छोटी हॅचबॅक आहे आणि तिचे वजन कमी करण्यासाठी दारांना आतून लावलेली मूळ प्लॅस्टिकची पॅनेले काढून त्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा बसवायचा आहे. पहिल्या मसुद्यात मी ‘दाराचे आतले पॅनेल काढून टाकावे’ असे सरळ लिहिले. गेल्या शनिवारी मी तेथे पोहोचले, तेव्हा पत्राकाम करणाऱ्या गृहस्थांनी प्लॅस्टिकचे आवरण आधीच उतरवून भिंतीशी टेकवून ठेवले होते आणि त्यामागच्या लोखंडी पत्र्यावर खडूने चौकोन आखून ते कटरचे पाते बदलत होते. मी थांबवले, म्हणून दार वाचले. त्यांची चूक काढता येत नाही, कारण त्यांच्या धंद्यात प्लॅस्टिकच्या त्या आवरणाला ‘पॅड’ म्हणतात आणि ‘पॅनेल’ म्हणजे गाडीचा पत्रा. रंगकामाचा दरसुद्धा आपल्याकडे पॅनेलमागे ठरतो आणि त्या हिशेबात अख्खे दार म्हणजे एक पॅनेल.

तेव्हा या आतल्या आवरणासाठी कोणता शब्द वापरावा? माझ्या मनात ‘अस्तर’, ‘आतील आवरण’ आणि ‘दारफलक’ असे तीन पर्याय आहेत.

गिरगावहून

ताई, ‘दारफलक’ आधी बाजूला ठेवू या. ‘फलक’ याचा मूळ अर्थ फळी हा असला, तरी आजच्या मराठीत फलक वाचण्यासाठी असतो. सूचनाफलक आणि नामफलक हे शब्द रोजच्या वापरातले झाल्यानंतर ‘दारफलक’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दारावरची नावाची पाटीच उभी राहणार. ‘आतील आवरण’ चुकीचे नाही, परंतु आवरण कशाचेही असू शकते, आणि कार्यशाळेत तो शब्द ऐकून कोणी कामाला लागेल असे वाटत नाही.

‘अस्तर’ मात्र विचार करण्याजोगा आहे. तो फारसीतून आलेला आहे. फारसीत दुपेडी वस्त्राच्या बाहेरच्या बाजूला ‘अब्रा’ आणि आतल्या बाजूला ‘आस्तर’ म्हणतात. त्यांतला ‘अब्रा’ आपल्याकडे उशीचा ‘अभ्रा’ होऊन राहिला आणि ‘अस्तर’ कोटाला, पिशवीला, ट्रंकेला लागले. म्हणजे बाहेरचे ते अभ्रा आणि आतले ते अस्तर ही जोडी आपल्याच घरात होती; आपण तिची ताटातूट केली एवढेच. मौजेची गोष्ट अशी की खुद्द ‘पॅनेल’ हा इंग्रजी शब्दही कापडातूनच आला आहे. लॅटिनमध्ये ‘पान्नुस’ म्हणजे कापड, त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये कापडाचा तुकडा, खोगिराखालची गादी, आणि पुढे चौकटीत बसवलेली फळी असा त्याचा प्रवास झाला. तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला ‘अस्तर’ म्हटले, तर आपण मूळ अर्थाच्या जवळच जातो.

कुर्ल्याहून

मी या धंद्यात तीस वर्षे आहे, म्हणून शब्दांआधी वस्तू सांगतो. दार आतून पाहिलेले नसेल, तर नाव चुकणारच. मोटारीचे दार म्हणजे एक फळी नसते. सर्वांत बाहेर रंग दिलेला पत्रा, त्याच्या आत काचेला खाली उतरण्यासाठी पोकळी, पोकळीच्या आतल्या अंगाला भोके पाडलेला दुसरा पत्रा, त्यावर चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद, आणि सर्वांत आत आपण ज्याला हात टेकतो तो पॅड. पुष्कळ गाड्यांत पोकळीत बाहेरच्या पत्र्यालगत एक आडवी मजबूत नळीही असते. बाजूने धडक बसली, तर ती नळी आणि आतला पत्रा मिळून मार घेतात. ताईंनी थांबवलेला कटर नेमका त्या आतल्या पत्र्यावर चालणार होता.

आमच्याकडे शब्द ठरलेले आहेत: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि पॅड. जुन्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत हा पॅड म्हणजे रेग्झीन चढवलेला दाबीव पुठ्ठा असे, म्हणून जुने कारागीर अजून त्याला ‘पुठ्ठा’च म्हणतात, मग तो पूर्ण प्लॅस्टिकचा का असेना. ती गाडी आमच्या कुर्ल्यातच तयार होत असे, तेव्हा या शब्दावर आमचा थोडा हक्क आहे.

पॅड उतरवण्याची रीतही लिहून ठेवा, म्हणजे तुमच्या टिपणाला आधार मिळेल. हात टेकण्याच्या खोबणीत एक स्क्रू लपलेला असतो, तो आधी काढायचा. काच फिरवण्याच्या हँडलमागे घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप असते. हँडल आणि पॅड यांच्यामध्ये फडक्याची कड घालून ती दोन्ही हातांनी पुढेमागे ओढली की क्लिप टण्णकन उडते. तळहात तयार ठेवावा, नाही तर ती क्लिप शोधण्यात अर्धा तास जातो. त्यानंतर कडेने पट्टी घालून प्लॅस्टिकची बटणे एकेक करून खट्‌ खट्‌ सोडवायची आणि शेवटी पॅड वर उचलून काचेच्या फटीतून मोकळा करायचा.

आता त्या प्लॅस्टिकच्या कागदाविषयी. पावसाचे पाणी काचेवरून ओघळून दाराच्या पोकळीत जाते आणि खालच्या भोकांतून बाहेर पडते. ते गाडीच्या आत येऊ नये, हे काम हा कागद करतो. वजन कमी करण्याच्या भरात तो फाडून फेकणारे लोक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ओले गालिचे घेऊन माझ्याकडे येतात. त्या कागदाचे वजन मूठभर चुरमुऱ्यांएवढेही नसते.

प्रश्नकर्ती, दादरहून

काका, आपले आभार. ‘पॅड’ हा शब्द कामगारांसाठी पुरेसा आहे, हे मान्य. परंतु माझी अडचण अशी की काढायचा तो पॅड असला, तरी त्याच्या जागी बसवायची वस्तू पॅड नाही. तिच्यात गादी नाही, रेग्झीन नाही. ती नुसती धातूची सपाट पाटी आहे. तिला ‘नवा पॅड’ म्हटले, तर कोणी बाजारातून दुसरा पॅड आणून लावील.

नियमावलीतही हा भेद महत्त्वाचा आहे. एफआयए या मोटार-शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या परिशिष्ट ‘जे’मधील उत्पादन-गाड्यांसंबंधीच्या, म्हणजे सर्वसाधारण विक्रीसाठी बनणाऱ्या गाड्यांसंबंधीच्या, २५४ व्या कलमात असे सांगितले आहे की दाराची मूळ रचना जशीच्या तशी असेल, म्हणजे त्यातील नळ्या किंवा मजबुतीचे भाग अंशतःही काढलेले नसतील, तर आतले पॅनेल किमान अर्धा मिलिमीटर जाडीच्या धातूच्या पत्र्याचे, किमान १ मिलिमीटर जाडीच्या कार्बन फायबरचे किंवा किमान २ मिलिमीटर जाडीच्या दुसऱ्या कोणत्याही भक्कम व न जळणाऱ्या पदार्थाचे करता येते. म्हणजे पॅडला हात लावण्याची मुभा आतल्या पत्र्याला हात न लावण्याच्या अटीवर मिळते. इंग्रजीत या सर्व थरांना ‘पॅनेल’ हा एकच शब्द लागू पडू शकतो. मराठीत तसा तो लागू पडू दिला, तर अटच वाचता येणार नाही.

कुर्ल्याहून

बरोबर. आणखी एक घोटाळा आताच सांगून ठेवतो. तुम्ही नुसते ‘पत्रा बसवावा’ असे लिहू नका. पत्रा म्हटला की आमच्या हाताला आधी लोखंडच लागते. हिशेब करून पाहा. पॅनेल १ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर उंच धरले, तर ३ मिलिमीटर जाड एबीएस प्लॅस्टिकचे वजन साधारण १.९ किलो भरते. त्याच मापाचा अर्धा मिलिमीटर पोलादी पत्रा सुमारे २.३५ किलो होतो, म्हणजे नियमात बसणारा सर्वांत पातळ पत्रा लावूनही गाडी जड झाली! अ‍ॅल्युमिनियमचा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा ८०० ग्रॅमच्या आसपास येतो, पण तो हाताने दाबला तरी पचकतो आणि खडखड वाजतो, म्हणून ०.८ मिलिमीटरचा घ्यावा; तो १.३ किलो. १ मिलिमीटर कार्बन फायबर किलोच्या आतबाहेर राहते, मात्र त्याची किंमत विचारताना बसून घ्यावे.

यावरून तुमच्या लक्षात येईल की नुसत्या पाटीच्या अदलाबदलीत दारामागे फार काही वाचत नाही. खरी बचत पॅडसोबत जे उतरते त्यात असते: स्पीकर, कोपर टेकण्याचा कठडा, आवाज दाबणारे नमदे, आणि नियमांत बसत असेल तर काच व तिचे मशीन. ९० बाय ४५ सेंटिमीटरची ४ मिलिमीटर काच एकटीच ४ किलोंची असते. तेवढ्याच मापाचे ३ मिलिमीटर पॉलिकार्बोनेट, म्हणजे काचेसारखे पारदर्शक प्लॅस्टिक, दीड किलोत होते.

गिरगावहून

काकांनी ‘पत्रा’ या शब्दावर नेमके बोट ठेवले. ‘पत्र’ म्हणजे पान. पानासारखे जे पातळ आणि पसरट ते पत्रा. म्हणजे हा शब्द आकार सांगतो, पदार्थ सांगत नाही. आमच्या चाळीच्या गच्चीवर वर्षानुवर्षे सिमेंटचे ‘पत्रे’ होते आणि त्यात कोणालाही विसंगती वाटली नाही. तेव्हा ‘अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, जाडी ०.८ मिलिमीटर’ असे पूर्ण लिहिणे हाच उपाय. इथे मी माझ्या ‘अस्तरा’चाही आग्रह सोडतो. अस्तर मऊ असते, ही जाणीव मराठी वाचकाच्या मनातून जाणार नाही, आणि धातूच्या पाटीला अस्तर म्हणणे म्हणजे चिलखताला बंडी म्हणणे झाले. भाषाप्रेमी मंडळींना हे आवडणार नाही, पण ज्या कारागिराच्या हातात कटर आहे त्याचा शब्द आधी घ्यावा.

आपल्या मसुद्यातील दुसरा एक शब्द मला याहून अधिक धोक्याचा वाटतो. आपण पुढे ‘दाराचे पॅनेल बदलता येईल’ असे लिहिले असेल, तर ‘बदलणे’ याचे दोन अर्थ होतात. बल्ब बदलला म्हणजे जुना काढून नवा लावला. बेत बदलला म्हणजे आहे त्यातच फेरफार केला. नियमावली या दोन क्रिया काटेकोरपणे वेगळ्या ठेवते, कारण एखादा भाग पूर्ण काढून दुसरा लावण्याची परवानगी असते, तेव्हा शेजारच्या भागात फेरफार करण्याची असतेच असे नाही. पहिल्या अर्थासाठी ‘काढून त्याच्या जागी बसवणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘फेरफार करणे’ असे लिहावे. वाक्य लांबेल, लांबू द्यावे.

ठाण्याहून

चर्चा वाचत होतो, म्हणून एक लहानशी भर. ‘हलके पॅनेल’ असेही लिहू नये. बाजारात ‘हलका माल’ म्हणजे निकृष्ट माल, आणि दुकानदाराला ‘हलका पत्रा द्या’ म्हटले तर तो तसाच देईल. ‘कमी वजनाचा’ म्हणावे.

शिवाय दार आतून उघडण्याच्या सोयीला काय म्हणणार आहात? मूळ पॅडसोबत खेचण्याचे हँडल जाते. पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ या १९७३ च्या गाडीच्या कमी वजनाच्या आवृत्तीत दाराचा पॅड साधा, सपाट ठेवून उघडण्यासाठी नुसता पट्टा दिला होता. ही आवृत्ती ९६० किलोंची आणि सुखसोयींची आवृत्ती १०७५ किलोंची होती. शर्यतीच्या गाड्यांत असा पट्टा पुष्कळदा दिसतो.

गिरगावहून

त्यासाठी मराठीत शब्द शोधत बसण्याची गरज नाही. चामड्याच्या अरुंद पट्टीला ‘वादी’ म्हणतात. चपलेची वादी असते, तबल्याची वादी असते. दाराचीही असावी.

प्रश्नकर्ती, दादरहून

सर्वांचे आभार. सुधारलेला मजकूर असा केला आहे: ‘दाराचा पॅड उतरवून ठेवावा. पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद फाडू नये. आतला पत्रा, बाहेरचा पत्रा आणि दारातील आडवी नळी यांत कोणताही फेरफार करू नये. कापू नये, नवे भोक पाडू नये. पॅडच्या जागी ०.८ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची पाटी पॅडच्या मूळ भोकांवर बसवावी; तिच्या कडा दुमडून घ्याव्यात. दार आतून उघडण्यासाठी वादी लावावी.’

आज सकाळी हा कागद त्याच गृहस्थांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, खडूचा जुना चौकोन फडक्याने पुसला आणि एवढेच विचारले की वादी ओवायला पाटीला भोक पाडायचे आहे, ते चालेल ना. ‘पाटीला चालेल, पत्र्याला नाही,’ असे मी सांगितले, आणि ते वाक्यही आता टिपणात घातले आहे.